पुढचे ब्रेक का तापतात? घरच्या दुरुस्तीनंतरची शोधाशोध



अमेरिकेत आल्यावर आपण सगळेच थोडेफार हरहुन्नरी होतो. तिकडे असताना ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायलाही वायरमनला निरोप धाडणारा माणूस इथे सहा महिन्यांत नळ बदलायला लागतो, दोन-तीन वर्षांत डेक बांधतो आणि एक दिवस गाडीखाली शिरतो. कारण उघड आहे, इथली मजुरी! ब्रेकचे पॅड बदलणं हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय काम. चाक काढा, कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवा, जुने पॅड बाहेर, नवे आत. शनिवारची एक सकाळ जाते आणि दोन-तीनशे डॉलर वाचतात.

पण कधी कधी खरी गंमत त्यानंतर सुरू होते. सगळं नवं बसवलेलं असतं आणि तरीही पुढच्या चाकांतून जळका वास येतो, रिमला हात लावला तर चटका बसतो. मग एकेक भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. माझ्या एका मित्राच्या पिकअप ट्रकचं गेल्या उन्हाळ्यात हेच झालं. त्या निमित्ताने आम्ही दोघांनी जी तपासणी केली ती क्रमवार लिहितो आहे. मी शिक्षणाने मेकॅनिकल, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. त्यामुळे यात थोडं वर्कशॉप आणि थोडं डिबगिंग असं दोन्ही सापडेल.

प्रकरण काय होतं

मित्र मूळचा साताऱ्याचा, राहतो पिट्सबर्गच्या पूर्वेला. ट्रक २००७ सालचा, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. त्या वर्षी मित्राची नोकरी गेलेली होती, म्हणून घरातली सगळी दुरुस्ती त्याने स्वतःकडे घेतली होती. मे महिन्यात त्याने पुढचे पॅड आणि रोटर बदलले. वास यायला लागला. जूनमध्ये दोन्ही कॅलिपर बदलले. वास कायम. जुलैमध्ये दोन्ही बाजूंचे रबरी होज बदलले. तरी तेच. मग तो एका दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे त्यांनी गाडी न उचलताच मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बदलायला सांगितलं, अंदाज अकराशे डॉलर.

घाईचं कारण वेगळंच होतं. त्याची मुलगी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पेन स्टेटला जाणार होती आणि हा ट्रक तिला मिळणार होता. पिट्सबर्गहून स्टेट कॉलेजला जाताना रूट २२ ने एबन्सबर्ग, क्रेसन असं जाऊन पुढे मोठा उतार उतरावा लागतो. क्रेसनच्या माथ्यापासून डंकन्सव्हिलपर्यंत हजार फुटांहून जास्त उतरण आहे, वळणंही आहेत. मुलीने बापाला साधं विचारलं होतं, "बाबा, त्या उतारावर हे ब्रेक लागतील ना?" त्याला होय म्हणता येईना. वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघा. हा आता रात्री बारालासुद्धा गॅरेजमध्ये जाऊन बसतो."

आधी थोडं गणित

ब्रेक गाडीची गती घेतो आणि तिची उष्णता करतो. म्हणजे ब्रेक तापणारच. प्रश्न असतो तो किती, कुठे आणि का, एवढाच.

सामानासकट अडीच हजार किलोचा ट्रक ताशी ६० मैलांवरून पूर्ण थांबला तर साधारण ९ लाख ज्यूल उष्णता तयार होते. जवळजवळ तीन लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेईल इतकी! हजार फूट उतार फक्त ब्रेकवर उतरला तर याच्या आठपट. थोडा वाटा हवेचा विरोध आणि इंजिन उचलतात, पण बाकी सगळी उष्णता चार चाकांत जाते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं म्हणून पुढची चाकं साधारण ६० ते ७० टक्के काम करतात. राहिलेलं काम मागच्यांनी करायचं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रेकच्या तेलाचंही बघा. डॉट ३ तेल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं. पाणी मुरलेल्या तेलाची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. उतारावर ब्रेक 'गेला' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं.

पायरी पहिली: माप घ्या

मी गेलो तेव्हा सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर नेला होता. वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, स्वयंपाकघरात तवा बघायलाही चालतो. एक काळजी घ्यायची. चकचकीत धातूवर तो खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो. म्हणून चारही चाकांवर सारखी, मळकी किंवा गंजलेली जागा निवडायची आणि दर वेळी तिथेच नेम धरायचा. आकडा अगदी अचूक नसला तरी चालतं, आपल्याला चाकांची आपापसात तुलना करायची असते.

मित्र म्हणाला, "अरे, तापतात हे माहीतच आहे, मोजायचं काय?" पण सगळा उलगडा त्या मोजण्यातच होता. आम्ही दोन फेऱ्या मारल्या.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, दहा मैल, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. शेवटी गाडी आपोआप मंदावू दिली आणि हलकेच थांबवली. पुढची चाकं ५२ आणि ५५ अंश, मागची ४० च्या आसपास.

दुसरी फेरी घराजवळच्या उतारावर, तीन वेळा खाली-वर, ब्रेक वापरत. पुढची चाकं २४० आणि २३५. मागची ५८ आणि ५६.

आता हे आकडे काय सांगतात? ब्रेक चिकटून राहत असता, म्हणजे पाय काढल्यावरही पॅड रोटरला घासत असते, तर पहिल्या फेरीतच चाकं भाजून निघाली असती. ती थंड राहिली. म्हणजे चिकटणं नाही. तापताहेत ते फक्त काम करताना. शिवाय डावं-उजवं जवळजवळ सारखं. पिन, पिस्टन किंवा होज बिघडला तर तो सहसा एका बाजूचा बिघडतो. दोन्ही बाजू इतक्या जुळ्या वागत असतील तर कारण दोघांना सामाईक असलं पाहिजे.

पायरी दुसरी: चाक हाताने फिरवा

तरी खात्री करायची म्हणून गाडी उचलली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, ट्रक जॅक स्टँडवर ठेवला, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मुलीला आत बसवून पेडल दहा वेळा दाबून सोडायला सांगितलं. इंजिन चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा. दर वेळी पुढची चाकं हाताने सहज फिरली.

इथे दुकानवाल्यांचं निदान बाद झालं. मास्टर सिलिंडर किंवा बूस्टरचा दांडा बिघडला असता तर दाब अडकून राहिला असता आणि दोन्ही पुढची चाकं जड फिरली असती. अकराशे डॉलर वाचले ते इथेच.

तुमच्याकडे चाक जड फिरलं तर पुढची चाचणी अशी. त्या चाकाच्या कॅलिपरवरचा ब्लीडर स्क्रू किंचित सैल करा, खाली बाटली धरा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब कुठेतरी कोंडला होता. चाक तरीही जड असेल तर अडचण यांत्रिक आहे, म्हणजे पिस्टन, पिन किंवा पॅड. दाब कोंडला असेल तर पेडल पुन्हा दाबा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी नळीकडचा जोड सैल करा. वरून सोडून चाक सुटत नाही पण ब्लीडरवरून सुटतं, असं असेल तर होज आतून फुगून बंद झाला आहे. वरूनच सुटलं तर आणखी मागे जा, मास्टर सिलिंडरकडे. तो बूस्टरला ज्या दोन नटांनी जोडलेला असतो ते थोडे ढिले केल्यावर चाकं सुटली, तर मधला दांडा लांब पडतो आहे. जोड सैल केल्यावर नीट आवळून हवा काढायला विसरू नका. हे तेल रंग खातं, तेव्हा सांडलेलं लगेच पाण्याने धुवा.

पायरी तिसरी: इतिहास विचारा

आता उरला एकच प्रश्न. पुढचे ब्रेक ठीक आहेत, मोकळे आहेत, मग इतकं काम का करताहेत? मागचे ५८ अंश तिथेच बोट दाखवत होते. मागचे ब्रेक कामाला येतच नव्हते.

मी मित्राला विचारलं, "मागचं काही केलं होतंस का?" तो म्हणाला, "गेल्या ऑक्टोबरात लायनर बदलले. पण ते तर व्यवस्थित चाललेत, कधी आवाजसुद्धा नाही." गाडीची वार्षिक तपासणी सप्टेंबरात झाली होती, म्हणजे लायनर बदलायच्या आधी. मग मी त्याला पार्किंग ब्रेक लावायला सांगितलं. तो पायाचा होता. पेडल जवळजवळ फरशीला टेकलं आणि गाडी गिअर काढल्यावर ड्राइव्ह-वेच्या उतारावर हळूहळू सरकायला लागली. ऑटोमॅटिक गाडी, 'पी'मध्ये टाकून उतरायची सवय. पार्किंग ब्रेक वर्षभरात कोणी लावलाच नव्हता. मुख्य ब्रेकचं पेडलही पूर्वीपेक्षा खोल जात होतं, पण नवे पॅड बसायला वेळ लागतो म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता सगळी साखळी उलटी वाचता आली. ऑक्टोबरात मागचे ब्रेक हळूहळू कामातून गेले. त्यांचं काम पुढच्यांवर पडलं. म्हणून पुढचे पॅड वेळेआधी संपले आणि मे महिन्यात बदलावे लागले. वास त्यानंतर लक्षात आला म्हणून दोष मेच्या दुरुस्तीला गेला. मेमधलं काम चोख होतं.

ड्रमच्या आत

ड्रम काढला. हातानेच निघाला, कुठे अडला नाही, हीसुद्धा एक खूणच. आतले लायनर दहा महिन्यांनंतरही जवळजवळ कोरे. ड्रमपासून चांगलेच आत ओढलेले.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजतात तसं ड्रम आणि लायनरमधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला एक छोटा स्क्रू आणि त्यावर दातेरी चाक असतं. या ट्रकमध्ये रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला की एक पट्टी त्या चाकाचा दात सरकवते, स्क्रू किंचित उलगडतो आणि लायनर बाहेर येतात. आता यातली खुबी बघा. डाव्या आणि उजव्या चाकाची रचना आरशातल्यासारखी उलटी असते, म्हणून एका बाजूच्या स्क्रूला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या बाजूच्या स्क्रूला उलटे. दिसायला दोन्ही सारखे. अदलाबदल झाली तर रिव्हर्समधल्या प्रत्येक ब्रेकला लायनर बाहेर यायच्याऐवजी आत जातात!

तेच झालं होतं. ऑक्टोबरात दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडले होते, सगळे भाग एकाच ट्रेमध्ये साफ करायला टाकले होते. आम्ही पुसून बघितलं तर स्क्रूच्या टोकावर एल आणि आर ही अक्षरं बारीक कोरलेली सापडली. एल उजवीकडे, आर डावीकडे. घरापाशीच रोज रिव्हर्स घेऊन गाडी लावायची, म्हणजे दिवसाला एखादा दात तरी उलटा.

मित्र काही वेळ बोललाच नाही. मग मुलीला हाक मारून त्याने दोन्ही स्क्रू तिच्या हातात दिले आणि कुठे, कसं चुकलं ते तिला स्वतः सांगितलं. नोकरी गेलेल्या वर्षात, मुलीसमोर. मला ते त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. ती म्हणाली, "मग आता मी बसवते, तुम्ही बघा." बसवलंही तिनेच.

स्क्रूचे आटे साफ केले, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावलं, बाजू बदलल्या. ड्रम चढवून फिरवताना लायनरचा हलका घासल्याचा आवाज येईपर्यंत दातेरी चाक फिरवलं. मग मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये दहा-बारा वेळा रिव्हर्समध्ये ब्रेक. पेडल वर आलं. पार्किंग ब्रेक अर्ध्यात धरायला लागला. खर्च ब्रेक क्लीनरच्या एका डब्याचा.

पुन्हा त्याच उतारावर तीन फेऱ्या, तोच थर्मामीटर. पुढे १६५ आणि १६०, मागे १०५ आणि ११०. वास बंद.

तुमच्या गाडीत वेगळं असू शकतं

हे कारण सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही. पुष्कळ गाड्यांना आता मागेही डिस्कच असतात. घरी ब्रेकचं काम केल्यावर पुढचे ब्रेक तापण्याची नेहमीची कारणं अशी:

१) पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ब्रॅकेटला स्टीलच्या क्लिपखाली गंज चढतो आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड परत मागे येत नाही. क्लिप काढा, गंज घासा. पॅड बोटाने सरकला पाहिजे.

२) कॅलिपरच्या पिना. ग्रीस रबराला चालणारं, सिलिकॉनचं हवं. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकते. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, अदलाबदल करू नका. एका बाजूचा आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजला असेल तर आधी पिनांवर संशय घ्या.

३) पिस्टन. त्याला मागे ओढायला स्प्रिंग नसते. भोवतीचं चौकोनी काठाचं रबरी सील पिळलं जातं आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. गंजलेला पिस्टन त्याला दाद देत नाही.

४) होज. काम करताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटू शकतो. तारेने टांगून ठेवा.

५) तेलाच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल गेलं असेल तर सगळी सीलं फुगतात आणि दोन्ही बाजू धरून ठेवतात. हे काम घरी करण्यासारखं नाही.

६) काहीच बिघडलेलं नाही. नवे पॅड पहिले काही मैल वास देतातच. ३० मैलांच्या वेगावरून वीसेक वेळा हलका ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ, असं केलं की बसतात. नेमकी पद्धत पॅडच्या खोक्यावर लिहिलेली असते.

आणि सर्वात मोलाचा नियम: एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. एका वेळी एकच बदल करा आणि बदलानंतर मोजा. आपण कोड असाच दुरुस्त करतो की!

रस्त्यात वास आला तर

वेग कमी करा, खालचा गिअर घ्या, सुरक्षित जागा बघून थांबा. तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. गाडी 'पी'मध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास निवू द्या. चारही चाकांजवळ हाताचा पंजा न टेकवता धरून बघा, कोणतं चाक वेगळं वागतंय ते कळेल. पेडल मऊ लागत असेल तर ती गाडी पुढे चालवू नका, टोइंगचे पैसे द्या.

डोंगर उतरताना आपल्याकडचा एसटीच्या ड्रायव्हरांचा नियम इथेही तितकाच खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर हाताने निवडता येतो. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात हवा लागते.

मुलगी ऑगस्टमध्ये ट्रक घेऊन गेली. शेजारी वडील, मागे सामान. क्रेसनचा उतार तिने दुसऱ्या गिअरमध्ये उतरला आणि खाली पेट्रोल पंपावर थांबून चारही चाकांचे आकडे मला पाठवले. सगळ्यात गरम चाक १४० होतं. मी उत्तर पाठवलं, "ठीक आहे, जा पुढे."

 कोणाच्या गाडीला याहून वेगळं कारण सापडलं असेल तर जरूर लिहा.